ट्रंकेतल्या कागदापासून डीओआयपर्यंत: घरचं जुनं दप्तर अभ्यासात कसं आणायचं

मागच्या वर्षी वाईला मधल्या आळीतला मामांचा वाडा उतरवायचं ठरलं आणि माळ्यावरनं एक पत्र्याची ट्रंक खाली आली. मामी म्हणाली, "अगं बघ तरी काय आहे त्यात, उद्या रद्दीवाला येतोय." उघडली तर लाल फडक्यात बांधलेले सात रुमाल, सगळे मोडी कागद, शिवाय मुखपृष्ठ गेलेलं एक आरत्यांचं छापील पुस्तक. मी साताऱ्यात कॉलेजला इतिहास शिकवते, पण तोवर माझं डिजिटल म्हणजे पीडीएफ डाऊनलोड करणं आणि वर्गात पीपीटी दाखवणं, एवढंच होतं. आज त्या सातातला एक रुमाल ऑनलाइन आहे, त्याला स्वतःचा कायमचा नंबर आहे आणि तो कुणीही संदर्भात देऊ शकतं. हे कसं केलंत म्हणून बरेच जण विचारतात, विशेषतः एमएचे विद्यार्थी आणि रिटायर झालेले गुरुजी, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. फोटो काढणं सोपं आहे आणि तेवढं केलं की काम झालं असं वाटतं, पण तो कागद दुसऱ्या माणसाला सापडला पाहिजे, वाचता आला पाहिजे आणि तुमचं वाचन बरोबर का चूक ते त्याला तपासता आलं पाहिजे, तेव्हाच तो कागद अभ्यासात आला. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायी फिरून दप्तरं गोळा केली, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, आणि तरी छापलेलं वाचन आणि मूळ कागद शेजारी ठेवून बघायची सोय वाचकाला नव्हती. आपल्या साताऱ्यात इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांनी जमवलेला जुन्या कागदांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला, तिथे तो नीट जपला गेला ही चांगलीच गोष्ट, पण साताऱ्याच्या पोराला साताऱ्याचा कागद बघायला एसटी धरावी लागते हे खरंच आहे. आता मूळ कागद घरात राहून त्याची प्रत जगभर जाऊ शकते. मला विचाराल तर आपल्या विषयात झालेला सगळ्यात मोठा बदल हाच.

पायरी पहिली: हात लावायच्या आधी

अख्खी ट्रंक करायला घेऊ नका. एक रुमाल घ्या आणि तो शेवटपर्यंत न्या. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, ओल्या फडक्यानं पुसू नका. मऊ ब्रशनं धूळ झटका, हात धुऊन कोरडे करा. आणि कागदांचा क्रम मोडू नका, कारण कुठला कागद कुणाच्या शेजारी बांधला होता ही सुद्धा माहितीच असते. मामी मदत म्हणून मोठे कागद एकीकडे आणि लहान एकीकडे लावायला बसली होती, तिला हात जोडून थांबवलं.

पायरी दुसरी: फोटो

महागडा स्कॅनर लागत नाही, चांगल्या फोनवर भागतं. खिडकीजवळ टेबल घ्या, थेट ऊन नको, फ्लॅश बंद. खाली काळं कापड, कागदाच्या कडेला शाळेतली पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. फोन हातात धरू नका, दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या थप्प्या लावून वर काचेचा तुकडा टाका आणि त्याच्यावर फोन ठेवा, एकदा बसवलं की तासाला बरीच पानं होतात. मागची बाजू कोरी असली तरी तिचाही फोटो घ्या, मोडी कागदांच्या पाठीवर पुष्कळदा एक ओळ असते आणि तीच सगळ्यात कामाची निघते. स्कॅनरच मिळाला तर ३०० डीपीआय (म्हणजे एका इंचात किती ठिपके) ठेवा, अक्षर बारीक असेल तर ६००.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. पहिल्या दिवशी उत्साहात तीनशेच्या वर फोटो काढले, मध्ये खूण म्हणून काही ठेवलं नाही, आणि घरी आल्यावर कुठलं पान कुठल्या रुमालातलं ते कळेना, त्यात काही व्हॉट्सॲपवरनं भावाला पाठवून तेच परत घेतलेले, म्हणजे बारीक होऊन आलेले, झूम केलं की अक्षर फुटायचं. सगळं पुन्हा करावं लागलं. आता प्रत्येक रुमाल सुरू करताना आधी एका कोऱ्या कागदावर रुमालाचा नंबर आणि तारीख लिहून त्याचाच फोटो घेते. आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचंच असेल तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पायरी तिसरी: नाव आणि टिपण (इथे सगळ्यात जास्त वेळ द्या)

फोनने दिलेलं आकड्यांचं नाव तसंच ठेवू नका. माझी फाइलनावं अशी असतात: वाई_ट्रंक१_रुमाल०३_कागद०१२_पुढे. नाव लांब वाटतं, पण वर्षभरानंतर फाइल न उघडता कळतं. रुमाल ३ न लिहिता ०३ लिहा, नाहीतर कॉम्प्युटर १० ला २ च्या आधी लावतो.

मग एक साधं स्प्रेडशीट. एका कागदाला एक ओळ. रकाने कुठले, तर फाइलचं नाव, कागदाचा प्रकार (पत्र, यादी, जमाखर्च, खत), कुणी कुणाला, गाव, कागदावर लिहिलेली तारीख जशीच्या तशी, आपण काढलेलं इसवी सन, दोन ओळींत विषय, कागदाची स्थिती, आणि हे कुणी वाचलं. हा शेवटचा रकाना लोक सोडून देतात. तो सोडू नका.

तारखेचं उदाहरण सांगते. तिसऱ्या रुमालात एक यादी आहे, देवाच्या खर्चाची, तेल, वात, गूळ, नारळ असं एकाखाली एक. वर सन लिहिलंय, ते मी वाचलं "समान आर्बैन मया व अलफ". हे शुहूर सन, आपल्याकडच्या जुन्या कागदांत हेच जास्त येतं, आणि आकडे अरबी शब्दांत असतात, लहानापासून मोठ्याकडे. समान म्हणजे ८, आर्बैन ४०, मया १००, अलफ १०००. झाले ११४८. त्यात ५९९ मिळवले की १७४७. पण हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणजे मे-जूनच्या सुमारास, म्हणून कागद १७४७ चा असेल किंवा १७४८ च्या पूर्वार्धातला. मी रकान्यात "१७४७-४८" लिहिलं, आणि शेजारच्या रकान्यात मूळ शब्द जसेच्या तसे. नुसतं १७४७ लिहून मोकळी झाले असते तर पुढे काय झालं असतं ते शेवटी सांगते. शके असेल तर ७८ मिळवा, चैत्रापासून डिसेंबरपर्यंत, आणि त्यानंतर फाल्गुन संपेपर्यंत ७९.

पायरी चौथी: वाचणं

मोडी शिकावी लागेल, त्याला पळवाट नाही. राज्याच्या पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग असतात, बऱ्याच गावांत शिकवणारी जाणती माणसंही आहेत. मशीन मदत करतं, पण किती ते समजून घ्या. मोडी लिहिणारा आधी सगळ्या ओळीवर रेघ ओढायचा आणि मग अक्षरं तिला लटकवत जायचा, दोन शब्दांत जागा सोडायची पद्धतच नव्हती. त्यामुळे शब्द कुठे संपला ते माणसालाच अर्थावरनं कळतं, मशीन तिथेच अडखळतं. हस्ताक्षर ओळखायला ट्रान्स्क्रिबस नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याला आपण वाचलेली पानं दाखवून शिकवायचं असतं. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या लोकांनी मोडीच्या फोटोवरनं थेट देवनागरी काढणारं मॉडेल पुढे आणलंय. पुढच्या काही वर्षांत इथे खूप काही घडेल असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी लागणारी वाचलेली पानं आपल्यासारख्यांनीच द्यायची आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच पद्धतीत, मोडी २०१४ पासून आहे, त्यामुळे मोडी अक्षर मोडीतच टाइप करता येतं, पण लिप्यंतर देवनागरीत करा, शोधणारा देवनागरीतच शोधतो.

छापील पुस्तकाचं काम बरंच सोपं. फोटो किंवा पीडीएफ गूगल ड्राइव्हवर टाका, राइट क्लिक करून गूगल डॉक्समध्ये उघडा, खाली टाइप केलेला मजकूर येतो. कॉम्प्युटरची थोडी सवय असेल तर हेच काम करणारं टेसरॅक्ट नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यालाही मराठी येतं. चुका ठरलेल्या असतात, ऱ्य मोडतो, ळ चा ल होतो, अनुस्वार उडतात. एक ओळ मूळ, एक ओळ टाइप, असं ताडून बघा. आणि जुन्या पुस्तकात "नाहीं", "कां", "त्यांत" असं असेल तर ते तसंच ठेवा. हे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेले, त्याच्या आधीच्या पुस्तकात ते चूक नाहीत, आणि भाषेचा अभ्यास करणाऱ्याला नेमके तेच हवे असतात.

फॉन्टचं एकदा समजून घ्या. आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांकडे अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काम चालतं. त्यात पडद्यावर मराठी दिसतं, पण आतून ती वेगळीच अक्षरं असतात, म्हणून ते सर्च होत नाही आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की अगम्य काहीतरी दिसतं. ओळखायची सोपी युक्ती अशी की चार ओळी कॉपी करून ईमेलमध्ये पेस्ट करा, मराठीच राहिलं तर युनिकोड. कितीतरी चांगले प्रबंध, गौरवग्रंथ, तालुक्याचे इतिहास केवळ या एका कारणानं कुणाला सापडत नाहीत, आणि याचं मला फार वाईट वाटतं. छापणाऱ्यानं जुना फॉन्ट मागितला तर खुशाल द्या, पण युनिकोडची मूळ प्रत स्वतःकडे ठेवा.

पायरी पाचवी: आवाज

कागद करता करता कळलं की मामीला जात्यावरच्या ओव्या येतात, तिच्या आईच्या. कागद आणखी पन्नास वर्षं टिकेल, आवाज नाही टिकणार, म्हणून आधी तेच रेकॉर्ड केलं. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, गॅसवर कुकर नाही. ॲपमध्ये वेव्ह फाइल निवडा, एमपी३ नंतर करता येते. सुरुवातीला त्यांच्याच तोंडून नाव, गाव, आजची तारीख आणि "हे लोकांना ऐकवायला माझी हरकत नाही" एवढं येऊ दे. यात कसं टिपण ठेवायचं ते शिकायला पारी (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या साइटवरचा ओव्यांचा प्रकल्प बघा. हेमा राइरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून हजारावर गावांतनं एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि २०१७ पासून त्या तिथे येतायत, ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे, आवाज आहे. पूर्वीच्या कितीतरी लोकगीतांच्या संग्रहांत "एका वृद्ध स्त्रीकडून" एवढंच असायचं. बाईचं नाव येणं ही माझ्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट आहे.

पायरी सहावी: आधी कुणी काय लिहिलंय

मराठी विश्वकोशाचे २० खंड ऑनलाइन फुकट आहेत, आणि ते काम आपल्या वाईतच झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली सुरू झालं, तेव्हा सुरुवात तिथूनच करा. प्रबंधांसाठी शोधगंगा ही साइट. जुन्या पुस्तकांसाठी इंटरनेट अर्काइव्ह, तिथे मराठी नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्हीकडनं शोधून बघा, कारण ज्यानं चढवलं त्यानं कसं लिहिलं असेल सांगता येत नाही. सरकारी कॉलेजात असाल तर १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही सरकारी योजना सुरू झालीय, सुमारे १३,००० जर्नल्स वाचायला मिळतात, लायब्ररीत विचारा.

सापडेल ते झोटेरो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. फुकट आहे, पुस्तकाची सगळी माहिती साठवतं आणि शेवटी संदर्भयादी स्वतः करून देतं. मराठी पुस्तकांची माहिती बहुतेक वेळा हातानेच भरावी लागते, एकदा बसून भरा, पुन्हा नाही भरावी लागत.

आणि एआयबद्दल, कारण सगळे विचारतात. मजकूर टाइप करून घ्यायला, भाषांतराचा कच्चा खर्डा करायला वापरा, मीही वापरते. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नका. माझ्या एका विद्यार्थ्यानं एआयकडून चार पुस्तकांची यादी आणली, नावं अगदी खरी वाटणारी, शोधायला गेलो तर त्यातली तीन अस्तित्वातच नव्हती. जे पुस्तक तुम्ही स्वतः उघडलं नाही ते यादीत घालायचं नाही.

पायरी सातवी: कुठे ठेवायचं

आधी घरच्या प्रती. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. हे उगाच सांगत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, घराघरातली पुस्तकं, वह्या, अल्बम लगदा होऊन रस्त्यावर आलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. वाईही कृष्णेवरच आहे. माझी एक हार्ड डिस्क साताऱ्यात, एक पुण्याला भावाकडे, तिसरी प्रत ड्राइव्हवर.

मग लोकांसाठी. छापील पुस्तक असेल तर कॉपीराइट बघा. भारतात लेखक वारल्यापुढच्या जानेवारीपासून ६० वर्षं, म्हणजे १९५० मध्ये वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मोकळं झालं. लेखकाचं नावच नसेल तर छापल्यापासून ६० वर्षं. आमचं आरत्यांचं पुस्तक यात बसलं, ते विकिमीडिया कॉमन्सवर चढवून मराठी विकिस्रोतावर घेतलं. तिथे डावीउजवीकडे पानाचा फोटो आणि टाइप केलेला मजकूर शेजारीशेजारी दिसतात, नवं पान लाल असतं, एकानं तपासलं की पिवळं, दुसऱ्यानं तपासलं की हिरवं. दोन डोळ्यांपेक्षा चार बरे, हे तिथे रंगातच दिसतं. माझ्या एसवायच्या मुलींनी रोज दोन पानं हिरवी करायची असं ठरवून अख्खं पुस्तक संपवलं.

मोडी कागदांसाठी मी झेनोडो वापरलं. युरोपातल्या सर्न या विज्ञानसंस्थेची साइट आहे, २०१३ पासून चालू, पैसे लागत नाहीत, आणि चढवलेल्या प्रत्येक संग्रहाला डीओआय मिळतो. डीओआय म्हणजे कागदाचा सात-बाराच समजा, साइटचा पत्ता बदलला तरी त्या नंबरवरनं वस्तू सापडते. फोटो, स्प्रेडशीट आणि लिप्यंतर तिन्ही एकत्र चढवा, नुसते फोटो नको. लायसन्स विचारतील तिथे क्रिएटिव्ह कॉमन्सचं बाय निवडलं तर कुणीही वापरू शकतं, फक्त तुमचं नाव द्यावं लागतं. प्रकाशित केलेलं सुधारायचं तर नवी आवृत्ती चढवायची आणि जुनीही तिथेच राहते. मला हे फार आवडलं.

चढवायच्या आधी घरच्यांना विचारा, आणि खरंच विचारा. मामांनी दोन कागद बाजूला काढायला सांगितले, एक जमिनीचा होता आणि एकात भाऊबंदकीचा वाद होता ज्याची माणसं अजून आळीत आहेत. काढले. झेनोडोवर अशीही सोय आहे की टिपण सगळ्यांना दिसेल आणि फाइल बंद राहील, ते दोन तसे ठेवले.

पायरी आठवी: लेख छापणं

माझ्या पहिल्या पेपरची गोष्ट सांगते. मेलवर आमंत्रण आलं, आदरणीय प्राध्यापक वगैरे, चार दिवसांत स्वीकारला म्हणून पत्र, एक शब्दही दुरुस्त करायला सांगितला नाही, फी तेवढी भरायची. भरली. पुढच्या वर्षी त्या जर्नलची साइटच बंद. दोन वर्षांचं काम होतं ते. म्हणून चार दिवसांत हो म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

आधी चांगल्या जर्नल्सची यूजीसीची केअर यादी होती, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, आता आपणच बघायचं. मी हे बघते: जर्नल डीओएजेच्या (फुकट वाचता येणाऱ्या जर्नल्सच्या) यादीत आहे का, आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा नंबर, टाकल्यावर खरंच तेच नाव येतं का, संपादक मंडळातल्या दोघांना मेल करून ते खरंच त्यात आहेत का, मागच्या तीन अंकांतले लेख उघडतात का, आणि त्यातला एक लेख पूर्ण वाचून तो मला पटतो का. शेवटचं करायला अर्धा तास लागतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच उत्तर मिळतं.

ऑर्किड आयडी, म्हणजे लिहिणाऱ्याचा स्वतःचा कायमचा नंबर, आजच काढा, फुकट आहे, १६ आकडी. आपल्याकडे एकाच नावाचं रोमन स्पेलिंग चार तऱ्हांनी होतं, आणि बायकांचं तर लग्नाआधीचं लेखन एका नावावर आणि नंतरचं दुसऱ्या. माझे जुने दोन लेख माझे म्हणून कुठे दिसतच नव्हते, आता त्या एका नंबराखाली सगळे आहेत. लेखाच्या शेवटी रुमालाचा डीओआय द्या म्हणजे वाचणारा लेखावरनं थेट कागदावर जाईल.

तर तारखेचं राहिलं. या रुमालावरचा माझा लेख आल्यावर दोनेक महिन्यांनी कोल्हापूरच्या एका गृहस्थांचा मेल आला. मोडीतले मुरलेले. त्यांनी यादीचा फोटो मोठा करून पाहिला होता आणि लिहिलं होतं, बाई, ते "समान" नाही, "सबा" आहे, स च्या पुढचं अक्षर बघा. पाहिलं. सबाच होतं. सबा म्हणजे ७, म्हणजे ११४७, म्हणजे १७४६-४७, माझं एक वर्ष पुढे गेलं होतं. मूळ शब्द आणि फोटो दोन्ही तिथे होते म्हणून त्यांना दिसलं. त्याच रात्री दुसरी आवृत्ती चढवली, वाचनाच्या रकान्यात माझ्या नावापुढे त्यांचं नाव घातलं, आधी त्यांना फोन करून विचारलं आणि मग. ते म्हणाले, "चौथा रुमाल कधी टाकताय?" चौथ्याचे फोटो झालेत, टिपण चालू आहे.